पोकळ नळीची करामत

टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर कापला की आवाज वाढतो आणि पोरांना वाटतं, गाडी पळायला लागली. बहुतेक वेळा होतं उलटंच. टू-स्ट्रोकची धूर सोडणारी नळी इंजिनाचाच भाग असते. पूर्व जर्मनीतल्या वाल्टर काडेनने आख्खी रेसिंग मोटरसायकल या नळीभोवती उभी केली.

चोपाऊ हे सॅक्सनीतलं लहानसं गाव. तिथला डीकेडब्ल्यूचा कारखाना युद्धानंतर सोव्हिएत ताब्यात गेला आणि पुढे त्याचाच एमझेड झाला. युद्धकाळात हेन्शेल कंपनीत दूरनियंत्रित बाँबवर काम केलेला काडेन १९५३ मध्ये तिथल्या रेसिंग विभागात आला. तिजोरी सरकारी, म्हणजे हात आखडता.

अशा टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. जळका धूर बाहेर पडत असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं बरंचसं धुराबरोबर निसटतं. काडेनने नळीतल्या दाबाच्या लाटा ऑसिलोस्कोपवर पाहिल्या आणि नळीला आकार दिला: आधी रुंदावत जाणारी, मग निमुळती. रुंद होणाऱ्या भागातून परतणारी लाट सिलिंडरातला धूर ओढून काढते. निमुळत्या टोकावर आपटून येणारी लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा आत रेटते. दार लावण्याआधी लोंबकळणाऱ्यांना आत ढकलणाऱ्या एसटीच्या कंडक्टरसारखी. नळीत हलणारा एकही भाग नाही! जोडीला डॅनिएल झिमरमनच्या प्रयोगातून आलेली फिरती चकती. क्रँकबरोबर फिरणारी पातळ पोलादी तबकडी, मिश्रण आत घेण्याची वेळ नेमकी साधणारी.

१९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसी इंजिनातून मिनिटाला १०,८०० फेऱ्यांना २५ अश्वशक्ती निघू लागली. लिटरमागे २००, आणि तीही सुपरचार्जरशिवाय. तुलना अन्यायाची आहे, पण आपली लाडकी आरएक्स हंड्रेड १९८५ मध्ये ९८ सीसीतून ११ देत होती. अर्थात ती रोज ऑफिसला न्यायची होती. काडेनची गाडी ठरावीक फेऱ्यांच्या खाली मरगळायची, वर गेली की उसळायची, आणि पिस्टन कधी जाम होईल याचा नेम नाही. स्वाराची बोटं सतत क्लचवर.

१७ सप्टेंबर १९६१, स्वीडनमधलं क्रिस्टियानस्टाड. एमझेडचा अर्न्स्ट डेग्नर १२५च्या जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. शर्यतीत इंजिन बिघडलं, आणि डेग्नर परत चोपाऊला गेलाच नाही. बर्लिनची भिंत उभी राहून महिनाभरच झाला होता. त्याची बायको आणि दोन मुलं मोटारीत लपून पश्चिमेकडे पोचली. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळालं.

डेग्नर सुझुकीकडे हामामात्सुला गेला तो डोक्यात काडेनची विद्या घेऊन. १९६२ मध्ये त्याच्या ५० सीसी सुझुकीने जगज्जेतेपद जिंकलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलंच. सुझुका ट्रॅकवर तो जिथे पडला, त्या वळणाला आजही त्याचंच नाव आहे. याला चोरी म्हणायचं की निसटणं, यावर वाद घालता येईल. मला मात्र काडेनचा विचार जास्त येतो. माणूस गेला, गुपित गेलं, आणि हा चोपाऊतच आपल्या नळ्या वळत राहिला.

१९६३ मध्ये घरच्या साक्सेनरिंगवर २५० सीसीची शर्यत माइक हेलवुडने जिंकली. गाडी काडेनची होती.