दाताचं इम्प्लांट: आधी खरं सांगा, नंतर सबर करा

आमच्या अम्मींची खालची दाढ काढली तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं, की आता इम्प्लांटच बसवायचं. दवाखान्यात फॉर्म भरताना डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू वगैरे?" अम्मी म्हणाल्या, "तौबा! आमच्या घरात तंबाखूला कुणी हात लावत नाही."

आम्ही शेजारीच बसलो होतो. अम्मी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हेच, ती दात घासायची वस्तू. आणि परक्या माणसासमोर त्यांना खोटं कसं पाडायचं, म्हणून आम्हीही गप्प राहिलो. अडीच महिन्यांनी इम्प्लांट हलू लागलं आणि काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "कारण एकच असतं असं नाही. पण रोज दोनदा तिथे तंबाखू चोळल्यावर हाड धरणार कसं?"

पैसे गेले, दुखणं सोसलं ते वेगळंच. आपल्या अनेक घरांत आज आई-वडिलांसाठी इम्प्लांटचा विचार होतो, म्हणून जे आम्ही उशिरा शिकलो ते इथे मांडत आहोत.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात, मुळाच्या जागी बसवतात. पुढे त्यावर एक जोड आणि त्या जोडावर दातासारखी दिसणारी कॅप बसते. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं होतं, की टायटॅनियमला हाड परकं मानत नाही, त्याला चिकटून वाढतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

हे चिकटणं एका दिवसात होत नाही. साधारण ३ ते ६ महिने लागतात. कोकणात ज्यांनी हापूसचं कलम बांधलेलं पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. बांधणारा हुशार हवाच, पण जोड एकजीव होईपर्यंत कुणी फांदी हलवली तर सगळी मेहनत फुकट. इम्प्लांटचंही तसंच आहे. ऑपरेशन तासाभराचं, खरी परीक्षा पुढच्या महिन्यांची.

ऑपरेशनच्या आधी

पहिली गोष्ट, डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. तंबाखू, गुटखा, मशेरी, सिगारेट, हुक्का, जे असेल ते सांगा. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधीपासून आणि हाड धरेपर्यंत हे सगळं बंद हवं. कायमचं सुटलं तर त्याहून चांगलं.

दुसरी गोष्ट साखर. मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होतच नाही असं नाही, पण साखर ताब्यात हवी. एकदा उपाशीपोटी तपासून भागत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून तो रिपोर्ट सोबत न्या.

तिसरी गोष्ट औषधं. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. ते दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल, हृदयाची झडप बदललेली असेल, जबड्याला कधी रेडिएशन दिलं असेल, तर न विचारताच सांगा. आपल्या आया-खाला हाडांच्या गोळीला 'ताकदीची गोळी' म्हणतात आणि तिचा उल्लेखच राहून जातो.

चौथी गोष्ट तोंडाची सफाई. हिरडीतून रक्त किंवा पू येत असेल तर त्यावर आधी उपचार हवेत. हाड किती उरलंय हे पाहायला एक्स-रे आणि बहुतेक वेळा थ्रीडी स्कॅन करतात. हाड कमी असेल तर हाडाची पावडर भरावी लागते. ही पावडर आणि तिच्यावर घालायचा पातळ पडदा जनावरापासून बनवलेला असू शकतो, कधी डुकरापासूनही. पूर्ण कृत्रिम पर्यायही मिळतात. म्हणून हे आधीच, खुर्चीवर झोपण्यापूर्वी विचारून घ्या. विचारण्यात संकोच कसला?

खर्चही लिहून घ्या: स्क्रू, जोड, कॅप, पावडर, प्रत्येकाचा वेगळा. डॉक्टर स्टेट डेंटल कौन्सिलकडे नोंदणीकृत आहेत ना, हेही पाहा. बसवलेल्या इम्प्लांटची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड मागून जपून ठेवा, पुढे दुसऱ्या गावी दाखवायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

शाळेत मैदानावर एखाद्या मुलाचा पुढचा दात तुटला की पालक लगेच इम्प्लांटचं विचारतात. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठरा वर्षांपर्यंत तरी, थांबावं लागतं. तोवर काढता-घालता येणारा दात चालतो.

पहिले काही दिवस

जखमेवर ठेवलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा. पहिले २४ तास चूळ भरू नका, जोरात थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. ओढ बसली की जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. लाळेत थोडी लाली दिसली तर घाबरू नका.

गालावर बाहेरून, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते, मग उतरते. झोपताना डोकं थोडं उंच ठेवा.

खाण्यात मऊ आणि गार किंवा कोमट चालेल: दही-भात, पातळ खिचडी, फिरनी, कोमट यखनी. गरम चहा, तिखट सालन, चिवडा, पापड काही दिवस बाजूला. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या करा. डॉक्टरांनी माउथवॉश दिलं तर सांगितलेले दिवसच वापरा, अल्कोहोल नसलेलं मागितलं तर मिळतं. अँटिबायोटिक दिली असेल तर दुखणं थांबलं म्हणून मध्येच सोडू नका. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात.

वुजू, रोजा आणि मिस्वाक

पहिल्या दिवशी वुजूत कुल्लीचं काय, हा प्रश्न घरोघरी निघतो. वुजूत कुल्ली करणं हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत सुन्नत आहे, फर्ज नाही. त्यामुळे एक दिवस ती राहिली तरी वुजू होतो. हनफी मसलकात फर्ज गुस्लमध्ये मात्र कुल्ली फर्ज आहे. तशी वेळ येण्याची शक्यता असेल तर आधीच आलिमांना विचारून ठेवा.

शक्यतो रमजानमध्ये ऑपरेशन ठेवू नका. वेळेवर गोळ्या, पाणी आणि मऊ खाणं, सगळंच अडतं, शिवाय रक्त गिळलं जाण्याची भीती. ईदनंतरची तारीख घ्या. तातडीच असेल तर आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे.

मिस्वाक करणाऱ्यांनी जखम पूर्ण भरेपर्यंत त्या जागेपासून ती लांब ठेवावी, तिचे धागे टाक्यांत अडकतात. बाकीचे दात मात्र रोज घासायचेच.

कॅप बसल्यानंतर

इथेच लोक निर्धास्त होतात. खोट्या दाताला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड जिवंतच असतं. तिथे घाण साचली तर हिरडी सुजते आणि हळूहळू हाड झिजतं. दुखत नाही म्हणून कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने घासा आणि दातांच्या फटीतून छोटा ब्रश किंवा धागा रोज फिरवा. दर सहा महिन्यांनी दाखवा. बकरीदला नल्ली त्या दाताने फोडू नका, सुपारीही नको. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायचं कव्हर करून घ्या.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तीन दिवसांनंतर सूज वाढत असेल, ताप किंवा पू आला, भूल उतरूनही ओठ बधिर राहिला, इम्प्लांट हलतंय असं वाटलं, तर थांबू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

नीट काळजी घेतली तर दहा वर्षांनंतरही शंभरातली नव्वदहून जास्त इम्प्लांट टिकून असतात. आमच्या अम्मींनी मशेरी सोडली. सोपं नव्हतं, पहिला महिना त्या आमच्यावर चिडूनच होत्या. हाड भरल्यावर दुसरं इम्प्लांट बसवलं आणि अल्हम्दुलिल्लाह, आज त्या त्याच बाजूने भाकरी चावतात. या खेपेला डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "मशेरी लावायचे, आता सोडली." पहिल्या वेळी त्या बोलल्या नाहीत, यात त्यांच्यापेक्षा आमचा दोष मोठा. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही गप्प बसलो. आपल्या घरातल्या मोठ्यांना दवाखान्यात नेण्याआधी घरीच, प्रेमाने, एकांतात विचारून घ्या.