टर्मिट ते उरान : मुंबईच्या क्षेपणास्त्र नौकांचा मागोवा

पी-१५ ‘टर्मिट’ हे सोव्हिएत जहाजविरोधी क्षेपणास्त्र १९६० मध्ये सेवेत आले. नाटोने त्याला दिलेले ‘स्टिक्स’ हे नाव जगभर अधिक रुळले. पल्ला जेमतेम ४० किलोमीटर, वजन दोन टनांहून जास्त आणि त्यात सुमारे अर्धा टन स्फोटके. इंधन द्रवरूप, जोडीला नायट्रिक आम्लाचे जहाल मिश्रण. ते भरणाऱ्यांना संरक्षक पोशाख चढवल्याशिवाय गत्यंतर नसे. शत्रूची जहाजे आपल्या किनाऱ्याजवळ आली, की बंदरातून छोट्या वेगवान नौका सोडून ती बुडवायची, एवढाच मूळ बेत. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तने पोर्ट सैदजवळ इस्राएलची ‘आयलात’ ही विनाशिका नेमकी अशीच बुडवली.

भारताने ही क्षेपणास्त्रे ओसा वर्गाच्या आठ नौकांसह घेतली. खलाशी रशियन भाषेसह सारे प्रशिक्षण सोव्हिएत संघात घेऊन आले. एवढ्या वजनाच्या नौका उतरवण्याची सोय मुंबईत नव्हती, म्हणून १९७१ च्या सुरुवातीला त्या कोलकात्यात उतरवल्या आणि तिथून ओढत मुंबईला आणल्या. छोटी नौका ओढत दूर नेता येते, हे त्यातून उमगले. किनारा राखण्यासाठी केलेले शस्त्र शत्रूच्या दारात नेण्याची कल्पना इथलीच. विकणाऱ्याच्या पुस्तकात ती नव्हती.

भारत-पाकिस्तान युद्धात ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका कराचीवर चालून गेल्या. मोहिमेचे नाव ‘ट्रायडेंट’, स्क्वाड्रनचे नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांचे. ‘निर्घात’ने सोडलेले पहिले क्षेपणास्त्र पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’वरील खलाशांना आकाशातून येणाऱ्या तेजस्वी दिव्यासारखे दिसले. त्यांनी ते विमान समजून तोफा डागल्या. दुसऱ्या क्षेपणास्त्राने बॉयलरची खोली फोडली आणि ‘खैबर’ बुडाली. ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौकाही त्याच रात्री गेली. ८ डिसेंबरला ‘पायथन’ मोहिमेत एकट्या ‘विनाश’ने चार क्षेपणास्त्रे सोडली, त्यांपैकी एक कराचीच्या केमाडी भागातल्या तेलाच्या टाक्यांवर आदळले.

टर्मिटचा हा दरारा फार टिकला नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये लताकियाजवळ सीरियाने सोडलेल्या स्टिक्सपैकी इस्राएलच्या इलेक्ट्रॉनिक चकव्यांमुळे एकही लागले नाही. समोरच्याकडे असला चकवा नसल्यानेच कराचीत एवढे यश आले, हे मान्य करायला हवे.

सोव्हिएत संघाने पुढे पल्ला ८० किलोमीटरपर्यंत वाढवला. निर्यातीच्या आवृत्त्यांना पी-२०, पी-२१, पी-२२ असे क्रमांक मिळाले. पी-२१ रडारने लक्ष्य शोधी, पी-२२ उष्णतेच्या मागावर जाई. चीनने मूळ आराखड्यावरून स्वतःची मालिका काढली. तिच्यातले ‘सिल्कवर्म’ इराणने १९८७ मध्ये कुवेतच्या समुद्रात वापरले.

भारतात हे घराणे १९७० च्या दशकात ‘विजयदुर्ग’, ‘सिंधुदुर्ग’ या कोकणी किल्ल्यांची नावे घेतलेल्या नौकांवर आणि नंतर वीर वर्गावर चढले. वीर वर्गातल्या काही नौका माझगाव डॉक आणि गोवा शिपयार्ड इथे बांधल्या गेल्या. जुन्या नावांच्या नव्या ‘वीर’ आणि ‘निपात’ २०१६ मध्ये मुंबईत निवृत्त झाल्या. २००२ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ आणि ‘प्रलय’ यांच्यावर मात्र स्टिक्स नव्हतेच. वीर वर्गाच्या नौकेवर चार स्टिक्स मावत. तेवढ्याच आकाराच्या या दोघींवर हलक्या ‘उरान’ क्षेपणास्त्रांचे प्रत्येकी सोळा प्रक्षेपक बसले.