बिनधन्याचा मल्ल : लू थेझ, दारासिंग आणि आपला आखाडा

२९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगांनी लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविले, ही गोष्ट आपल्याकडील जुन्या कुस्तीशौकिनांना सांगावी लागत नाही. परंतु हरलेला मनुष्य कोण होता, वयाच्या बावन्नाव्या वर्षी सातासमुद्रांपलीकडून मुंबईच्या ऐन उन्हाळ्यात झुंजावयास तो का आला, आणि त्याने पणास लावलेल्या किताबामागे कोणत्या दरबाराची सनद होती, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की, सनद कोणाचीच नव्हती. अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य कुस्तीसंघटनेचा, म्हणजे नॅशनल रेसलिंग अलायन्सचा किताब त्या वेळी जीन किनिस्की याच्याकडे होता. खुद्द थेझनेच तो ७ जानेवारी १९६६ रोजी सेंट लुईस येथे त्याच्याकडून पराभूत होऊन गमावला होता. मुंबईस आलेला थेझ हा कोणाचाही नोकर नसलेला, आपली विद्या आणि आपले नाव एवढ्याच भांडवलावर देशोदेशी करार करून झुंजणारा स्वतंत्र मल्ल होता, आणि म्हणूनच त्याच्या चरित्राचा विचार मला अगत्याचा वाटतो.

म्हसळ्यासारख्या ठिकाणी बसून हा विचार करण्यास कारण आहे. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे जंजिरा संस्थानचे तीन महाल. १९४८ साली संस्थान विलीन झाले, नवाबाची कचेरी जाऊन मामलेदाराची आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून येथील घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत नाहीतर जहाजावर चाकरीस होता, आणि मुंबईत जे जे गाजे ते शिमग्या-गणपतीच्या निमित्ताने गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडून खाडीकाठच्या या गावांना कळे. आमच्या किनाऱ्याचा खरा लळा कबड्डीला. लाल मातीचा थोर वारसा घाटमाथ्याकडचा. तरीही वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवरील दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजींचे नाव कोकणात ठाऊक नसलेला मनुष्य त्या पिढीत विरळाच.

लू थेझचा जन्म २४ एप्रिल १९१६ रोजी मिशिगन प्रांतातील बॅनॅट या खेड्यात झाला आणि बालपण सेंट लुईस शहरात गेले. बाप हंगेरीहून आलेला चर्मकार, जोडे दुरुस्त करून संसार चालविणारा. ग्रीको-रोमन कुस्तीचा त्याला नाद होता आणि मुलाला पहिले धडे त्यानेच दिले. पुढे जॉर्ज ट्रॅगॉस या ग्रीक मल्लाने आणि ॲड सँटेल या जुन्या वस्तादाने त्याला जे शिकविले, त्यात प्रेक्षकांना दिसणाऱ्या कुस्तीपेक्षा न दिसणारीच अधिक होती. सँटेल हा १९२१ साली जपानात जाऊन तेथील जुदोपटूंशी झुंजून आलेला. मनगट व खांदा यांना एकाच वेळी पीळ देणाऱ्या पकडीत त्याचा हातखंडा होता. या शिदोरीवर २९ डिसेंबर १९३७ रोजी, एकवीस वर्षांच्या वयात, थेझने एव्हरेट मार्शलला हरवून आपला पहिला जागतिक किताब मिळविला.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा निकाल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बहुधा आगाऊ ठरू लागला होता. आपल्याकडे जिला नूरा कुस्ती म्हणतात आणि जिच्या नुसत्या संशयावरून मैदानात दंगा उसळतो, तीच तेथे धंद्याची रीत झाली. मग अशा धंद्यात खऱ्या विद्येला किंमत ती काय? किंमत होती, आणि ती मोठी होती. १९४८ साली आयोवा प्रांतातील वॉटर्लू येथे निरनिराळ्या शहरांतील कुस्तीठेकेदारांनी एकत्र येऊन नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली आणि वतनदारांनी शिवा आखून घ्याव्यात तसा सारा देश आपसांत वाटून घेतला. एकाच्या टापूत दुसऱ्याने आखाडा भरवावयाचा नाही आणि सर्वांनी मिळून एकच जगज्जेता मानावयाचा, असा त्यांचा करार. हा जगज्जेता गावोगाव फिरून प्रत्येक टापूतील नामांकित मल्लाशी झुंजे. एखाद्या ठेकेदाराने दगा करून आपल्या माणसाकडून त्याला खरोखरच चीत करविले, तर किताब त्या टापूत अडकून बसे आणि साऱ्या संघटनेची अब्रू जाई. म्हणून ठरलेल्या निकालाच्या त्या दुनियेत किताब ज्याच्या कमरेला बांधावयाचा, तो मनुष्य ठरावाविना झुंजूनही हरणार नाही असाच लागे. १९४९ साली दुसरा दावेदार ऑर्व्हिल ब्राउन मोटार अपघाताने कायमचा जायबंदी झाला आणि किताब निर्विवादपणे थेझकडे आला, तो १९५६ पर्यंत त्याच्याकडेच राहिला. २१ मे १९५२ रोजी लॉस एंजलिस येथे मिकेले लिओनी याच्याशी झालेल्या त्याच्या कुस्तीस तिकिटांचे उत्पन्न एक लाख डॉलरांवर गेले. कुस्तीच्या धंद्यात तोवर एवढी रक्कम जमली नव्हती.

ही विद्या कशी होती, हे त्याच्या एका पकडीवरून ध्यानात यावे. प्रतिस्पर्धी पालथा पडला की थेझ त्याचा एक पाय गुडघ्यात मुडपून घोट्यापाशी आपल्या मांड्यांच्या बेचक्यात अडकवी, मग त्याच्या पाठीवर पुरता ओणवा होऊन हाताचे हाड त्याच्या गालफडावरून आडवे घाली, दोन्ही हातांची कडी करी आणि मान मागे ओढी. खालच्याला उठावे तर पाय जखडलेला, वळावे तर वरच्याचे सारे वजन पाठीवर, आणि दोहोंच्या मध्ये कमरेचा कणा धनुष्यासारखा वाकलेला. सवारी भरून खालच्याला हैराण करणारे आपले वस्ताद ही पकड पाहून तिचे मर्म तत्काळ ओळखतील. प्रेक्षकांसमोर थेझ ती हलक्या हाताने लावी. परंतु कडी आणखी दोन बोटे आवळली तर काय होईल, हे खालच्या मल्लाला पुरते ठाऊक असे, आणि ही जाणीव हीच त्याच्या साऱ्या कारकिर्दीची हमी होती.

१९५७ साली त्याने जो निर्णय घेतला तो मला त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठा वाटतो. ठेकेदारांनी आखलेल्या फेऱ्यांत बांधून घेण्यापेक्षा परदेशी स्वतःच्या नावावर झुंजावे, असे ठरवून त्याने १४ नोव्हेंबर १९५७ रोजी टोरँटो येथे, मध्यंतरी पुन्हा हाती आलेला किताब डिक हटन याच्या हवाली होऊ दिला. त्याआधीच्या महिन्यात तो जपानात रिकीदोझानशी पूर्ण एक तास झुंजून बरोबरीत सुटला होता. महायुद्धातील पराभवाने खचलेल्या त्या देशाने ती कुस्ती राष्ट्रीय उत्सवासारखी पाहिली. पुढील वर्षी लॉस एंजलिसमध्ये रिकीदोझानला विजय देऊन त्याने जपानी कुस्तीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती आजही तेथे कृतज्ञतेने मानली जाते. १९६३ साली बडी रॉजर्सला हरवून अलायन्सचा किताब त्याने तिसऱ्यांदा घेतला खरा, पण धनी बदलीत फिरण्याची त्याची वृत्ती सुटली नाही.

मुंबईत त्याच्यासमोर उभा राहिलेला मनुष्यही याच वाटेने आलेला होता. १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक येथे जन्मलेले दारासिंग तरुणपणीच सिंगापूरला गेले, तेथे अंगमेहनत करता करता कुस्ती शिकले, मलायात नाव काढले, १९५४ साली रुस्तुम-ए-हिंद झाले आणि १९५९ साली कलकत्त्यास जॉर्ज गॉर्डिएंकोला हरवून राष्ट्रकुलाचे अजिंक्यवीर ठरले. सुमारे दोनशे किलो वजनाच्या किंग काँगशी झालेल्या त्यांच्या झुंजींनी जत्रेतल्या माणसाला तिकीट काढून स्टेडियमवर येण्याची सवय लावली. १९६८ च्या त्या कुस्तीचा निकाल धंद्याच्या रीतीने ठरला असेल वा नसेल. परंतु किताब कोणाच्या हाती दिल्याने त्याचे मोल वाढेल, याची पारख थेझला होती, आणि एकोणचाळीस वर्षांच्या दारासिंगांच्या हाती गेल्याने ते वाढले, यात शंका नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. महाराष्ट्रातील मल्ल एके काळी दरबाराचा आश्रित होता. शाहू छत्रपती १९०२ साली विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि कोल्हापुरास खासबाग मैदान बांधविले, ते १९१२ साली पुरे झाले. मोतीबाग, गंगावेश यांसारख्या तालमींतील मल्लांच्या दूध, तूप, बदामाची बेगमी सरकारातून होई. संस्थाने खालसा झाली तशी ही नेमणूक आटली आणि मल्ल बिनधन्याचा झाला. त्यानंतर त्याला पोसले ते जत्रांच्या मैदानांनी. सकाळी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या लागाव्यात, ऊन कलता कलता इनामाचे आकडे चढत जावेत, हलगी कडाडावी आणि दिवस मावळता मावळता पहिल्या नंबरची निकाली जोड हौद्यात उतरावी. आज या गावी, परवा पुढच्या तालुक्यात, चैत्र-वैशाखात तर एका मुक्कामाची माती अंगावरून झडण्यापूर्वीच दुसरा मुक्काम. करारनामा नाही, तनखा नाही, हंगाम संपल्यावर खुराक मात्र तोच. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपत आंदळकर आणि १९६४ साली मारुती माने यांनी तो मान मिळविला. आंदळकर व माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत देशाला पदकेही आणून दिली. परंतु पोटाची बेगमी त्या काळी पदकांवर होत नसे, मैदानावर होई.

ज्यांनी पैशाची कुस्ती न करता हौशी कुस्तीचा मार्ग धरला त्यांची कथा याहून सुखाची नव्हती. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना मॅटवरील कुस्तीचे धडे देणारा रीस गार्डनर हा अमेरिकनच होता. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा उभा करावा लागला, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे गहाणखतावर आले.

अमेरिकेतही थेझनंतरचा काळ स्वतंत्र मल्लांना कठीण गेला. १९८० नंतर व्हिन्स मॅकमॅन यांच्या कंपनीने दूरचित्रवाणीच्या बळावर जुने टापू मोडून काढले, आणि १९८९ साली न्यू जर्सीत ही कुस्ती स्पर्धा नसून करमणूक असल्याचे त्या कंपनीने स्वतःच सरकारदरबारी कबूल केले. त्यानंतर शाळांच्या व्यायामगृहांत आणि लहान सभागृहांत, रात्रीच्या बिदागीवर आणि दाराशी विकलेल्या सदऱ्यांवर गुजराण करणारा स्वतंत्र मल्लांचा वर्ग उरला. २००२ साली सुरू झालेल्या रिंग ऑफ ऑनर या संस्थेने त्यांना व्यासपीठ दिले. तेथे वर्षानुवर्षे झुंजून नाव मिळविलेला ब्रायन डॅनियलसन ६ एप्रिल २०१४ रोजी रेसलमेनियाच्या मुख्य लढतीत विजयी झाला, आणि दोनच वर्षांत डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे त्याला काही काळ निवृत्ती पत्करावी लागली. मोठ्या कंपनीतही मल्ल कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदारच समजला जातो, नोकर नव्हे. नोकराला मिळणारा आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन त्याच्या वाट्याला येत नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष मी असा काढतो. किताब देणारे ठेकेदार असोत, दरबार असोत वा यात्रा कमिटी असो, मल्लाची खरी प्रतिष्ठा त्याच्या अंगच्या विद्येने ठरते. ती होती म्हणून थेझ चौऱ्याहत्तराव्या वर्षी, २६ डिसेंबर १९९० रोजी, जपानात आपल्याच शिष्याशी, मासाहिरो चोनोशी, शेवटची कुस्ती खेळू शकला आणि २००२ साली मानाने मरण पावला. परंतु थेझ हा अपवाद होय. विद्या मल्लाला मान देते, म्हातारपणी भाकरी देईलच असे नाही, आणि बिनधन्याच्या मल्लाचा पहिला शत्रू प्रतिस्पर्धी नसून मोडलेला गुडघा हा असतो. राज्य सरकार गाजलेल्या मल्लांना मानधन देते, काहींना पोलीस खात्यात उपअधीक्षकाची जागा देते, हे उचितच आहे. पण पाचव्या-सातव्या नंबरच्या इनामावर हंगाम काढणाऱ्या पोराला त्याचा स्पर्श होत नाही. तेव्हा जेथे जेथे मैदान भरते तेथील कमिट्यांना माझी विनंती आहे की, पहिल्या नंबरच्या इनामाचा आकडा फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिण्यापूर्वी, त्या दिवशी हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा अपघात विमा वर्गणीतून उतरवावा आणि त्याचा कागद कुस्ती लागण्याआधी त्याच्या वस्तादाच्या हाती द्यावा.