नक्कीच्या काठी

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून वैशाखाच्या सुमारास दोन बेत हटकून निघतात. एक लोणच्याच्या कैऱ्यांचा आणि दुसरा आबूचा. पहिला तडीस जातोच; दुसऱ्याचे तितके खात्रीने सांगता येत नाही. कुणाला रजा मिळत नाही, कुणाच्या नातवाचा शिकवणीवर्ग आड येतो. तरीही ‘यंदा आबूला जायचे ना?’ असे विचारले की घरातले वडील माणूस ‘नक्की!’ म्हणते, आणि त्या एका शब्दात होकारही येतो व तळ्याचे नावही येते. ही कोटी दांडिया बाजारात किती पिढ्या चालत आली आहे कोण जाणे. तिचा कुणाला कंटाळा आलेला मी तरी पाहिला नाही.

महाबळेश्वर आपल्या मायभूमीचे खरे. पण बडोदेकरांना आबू जवळ. पूर्वी अहमदाबादला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या गाडीत सामान चढवावे लागे. रूळ रुंद झाल्यापासून ती धावपळ गेली. आबूरोड स्टेशनावर उतरल्यावर रबडी घ्यायची ही प्रथा मात्र अजून कुणी मोडलेली नाही. तेथून अठ्ठावीस किलोमीटरचा घाट चढला, की सुमारे बाराशे मीटर उंचीवरची ती हवा अंगाला लागते. खाली बडोद्यात अंगण तापलेले असते आणि येथे रात्री चादर ओढून घ्यावी लागते. उन्हाळ्यात आणखी काय हवे?

नक्की तळे फार मोठे नाही. देवांनी ते नखांनी खोदले म्हणून ते नक्की, असे सांगतात. आमच्या घरात चालते ती कथा रसिया बालमची. एका रात्रीत, कोंबडा आरवण्यापूर्वी, तळे खोदशील तर राजकन्या देऊ, अशी त्याला अट घातलेली. बिचाऱ्याने काम उरकत आणले आणि मुलीच्या आईनेच कोंबड्याची बांग दिली! ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकावी. नातवंडे राजकन्येच्या आईवर चिडतात आणि घरातल्या सासवा काही न बोलता पाण्याकडे पाहतात.

या तळ्याच्या काठी थोरांचीही पावले उमटली आहेत. १८९१ च्या उन्हाळ्यात स्वामी विवेकानंद जवळच्या एका गुहेत राहिले होते. पुढच्याच वर्षी ते बडोद्यालाही येऊन गेले. १९४८ च्या फेब्रुवारीत महात्माजींच्या अस्थींचा अंश या पाण्यात विसर्जित झाला. त्या जागेला गांधी घाट म्हणतात. सकाळी तेथे दोन मिनिटे उभे राहावे. मुलांना मुद्दाम सांगावे लागत नाही. मोठी माणसे गप्प झाली की ती आपोआप गप्प होतात.

पण आबूवर करायचे काय, असे कुणी विचारले तर माझे पहिले उत्तर एकच : पहाटे तळ्याला फेरी घालायची. रमतगमत चालले तर पाऊण तास पुरतो आणि वाट बहुतेक सपाट, त्यामुळे गुडघे धरलेल्या आत्यालाही ती झेपते. या फेरीत एक गंमत आहे. डोंगरावर चढताना तरुण पुढे जातात आणि म्हातारी माणसे खालच्या बाकावर पिशव्या राखीत बसतात. तळ्याभोवती तसे होत नाही. जो घाईने पुढे गेला तो वळसा घालून पुन्हा मागूनच येऊन भेटतो. पलीकडच्या काठावर काकांची पांढरी टोपी दिसते, अलीकडे वहिनीची छत्री दिसते. कुणी हरवत नाही आणि कुणाला थांबावेही लागत नाही. चार ठिकाणी विखुरलेले कुटुंब एका नजरेत मावेल अशा जागा फार नसतात. ही एक आहे.

फेरीनंतर होडी. पायाने फिरवायच्या होड्या मुलांना आवडतात. मला वल्ह्याची होडी बरी वाटते, कारण तीत बोलता येते. पाण्यावरून समोरच्या टेकडीवरचा तो प्रसिद्ध खडक चांगला दिसतो. आता उडी मारील की मग, अशा बेतात बसलेला प्रचंड बेडूकच तो! पाटीवर त्याला ‘टोड रॉक’ म्हणतात, नातू ‘देडको’ म्हणून ओरडतो आणि आजी म्हणते, ‘बेडूक रे, बेडूक.’ संध्याकाळी तो खडक चढून आलेला मुलगा जेवताना आपला पराक्रम सांगू लागतो, तेव्हा तो ‘बेडकावर चढलो’ असेच सांगतो.

वाचकहो, मला जे सांगायचे आहे ते या बेडकापाशीच आहे. गायकवाडांच्या बरोबर इकडे आलेल्या आपल्या घराण्यांना गुजरातीने पोटाशी धरले. तिच्याविषयी तक्रार कशी करावी? पण शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती आणि घरी आईवडील रात्री आठाला परतणार, अशा दिवसात मराठीच्या वाट्याला येते ती ‘जेवलास का?’ आणि ‘झोप आता’ एवढीच. आबूच्या मुक्कामात सकाळपासून रात्रीपर्यंत मूल आजीच्या, काकांच्या, आत्याच्या बोलण्यात असते. डोंगरउतारावर करवंदे पिकू लागलेली असतात. मुले त्यांना करमदां म्हणत जाळीत शिरतात आणि ओंजळभर करवंदे घेऊन बाहेर येतात. चीक बोटांना चिकटतो आणि शब्द जिभेला. होडी तर बिचारी दोन्ही भाषांत होडीच.

दुपार घरातली. स्वयंपाकाची सोय असलेल्या दोन खोल्या मिळाल्या तर हॉटेलापेक्षा त्या बऱ्या. मेतकूट-भात, घरून नेलेला गुळांबा आणि आंब्यांची पेटी. या पेटीवर मात्र पहारा हवा, कारण आबूची वानरे खिडकी उघडी राहण्याचीच वाट पाहत असतात. मग पत्त्यांचा डाव आणि एक डुलकी.

एक दुपार देलवाड्याला द्यावी. जैनेतरांना तेथे दुपारी बारानंतर प्रवेश असतो. १०३१ साली विमलशाहाने बांधविलेले मंदिर आणि १२३० चे वस्तुपाल-तेजपाल बंधूंचे. दोन्ही बाहेरून साधी आणि आत संगमरवराचे जणू लोणी झालेले. दुसऱ्या मंदिरात ‘देराणी-जेठाणीचे गोखले’ दाखवतात. हे गोखले कोण, असे आमच्याकडच्या एका पाहुण्यांनी गंभीरपणे विचारले होते. गोखला म्हणजे कोनाडा. दोघी जावांनी चढाओढीने कोरवून घेतले, अशी त्यांची कथा आहे. आपल्या बरोबरच्या जावांना ते अवश्य दाखवावेत, फक्त फार वेळ तेथे रेंगाळू नये.

आणि एक सकाळ गुरुशिखराची. अरवलीचे हे सर्वांत उंच टोक, १७२२ मीटर. माथ्यावर दत्तात्रेयांचे स्थान आहे. गाणगापूर, नरसोबाची वाडी यांची नावे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला राजस्थानच्या एका शिखरावर आपले दत्तगुरू आधीच येऊन बसलेले भेटावेत, यासारखा आनंद नाही. घंटा वाजवावी, वारा खावा आणि सावकाश उतरावे.

आता बहुतेक घरे दोन दिवसांसाठी येतात. शनिवारी मोटारीने निघायचे, यादीतली आठ ठिकाणे उरकायची आणि रविवारी रात्री परत. तळे त्या यादीत अर्ध्या तासाचे. होडीच्या रांगेत तो अर्धा तास संपतो, आणि आजी मोटारीतच बसून राहते. मुलाला आबू दिसतो, पण आजी दिसत नाही. रजांची अडचण मला ठाऊक आहे. पंधरा दिवस आता कुणाला मिळतात? पण निदान पाच दिवस मिळवावेत, मधल्या वारी जावे, आणि त्यांतला एक पूर्ण दिवस कुठलेही ठिकाण न ठरवता तळ्याच्या काठी काढावा. पुण्याचा भाऊ, परदेशातला पुतण्या यांनाही त्याच तारखा कळवाव्यात. जमतील तितके जमतील.

हे पुढच्या वर्षावर टाकू नये. फेरी घालणाऱ्या पायांना दरवर्षी थोडे कमी चालवते, आणि गोष्ट ऐकणारी मुले दरवर्षी थोडी मोठी होतात. दोघांचा मेळ बसण्याचे उन्हाळे मोजकेच असतात. तेव्हा कैऱ्या चिरायला बसाल, तेव्हाच तारीख ठरवून टाका.