पावणेपाच अंशांचा हक्क : रॅम्प खरा की दिखाऊ, कसं ओळखायचं?

ज्यांना बसमध्ये, शेतावर किंवा गर्दीत ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. आणि आजच्या विषयात तर लिहून काढणं मस्टच आहे. ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांनी पॉडकास्ट कसा ऐकायचा?

सुरुवात आमच्या घरापासून करतो. मी मूळचा कोंढ्याचा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. माझे मोठे बाबा रिटायर्ड शिक्षक. शुगरमुळे त्यांचा एक पाय गेला, तेव्हापासून व्हीलचेअर. मागच्या नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना एका बँकेत घेऊन गेलो. दारात तीन पायऱ्या, बाजूला रॅम्प. मला वाटलं, चला, सोय आहे. खुर्ची ढकलली, तर अर्ध्यात जाऊन मागे यायला लागली. गार्ड धावत आला, "उचलून घेऊ का सर?" मोठे बाबा म्हणाले, "मी का धानाचं पोतं आहो का?"

शेवटी साहेबच कागद घेऊन बाहेर आले. काम झालं, माणसं चांगलीच होती. पण ज्या माणसानं आयुष्यभर गावातली पोरं शिकवली, त्यानं रस्त्यावर बसून सही केली. परत येताना ते एकच वाक्य बोलले, "हे रॅम्प नाही बाबू, घसरगुंडी हाये."

घरी येऊन मी हिशोब केला. तुम्हीही करा, सोपा आहे.

नियम आहे १:१२. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, झाली अठरा इंच उंची. गुणिले बारा, म्हणजे २१६ इंच, म्हणजे १८ फूट. तिथला रॅम्प होता पाच फुटांचा! अंशात सांगायचं तर उतार पावणेपाच अंशांच्या आत हवा, तिथे तो सतराच्या आसपास होता. मोबाईलमध्ये उतार मोजायचं ॲप टाका, फोन रॅम्पवर आडवा ठेवा, आकडा समोर येतो.

"एवढी जागा कुठून आणायची?" हा प्रश्न येणारच. रॅम्प सरळच हवा असं कुठंय? वळवून घेता येतो. फक्त वळणावर आणि वर दारापाशी सपाट जागा हवी, साधारण पाच फूट बाय पाच फूट, म्हणजे खुर्ची फिरते आणि दार उघडताना मागे घरंगळत नाही. दाराची मोकळी रुंदी तीन फूट. दोन्ही बाजूंना धरायला कठडा. आणि फरशी गुळगुळीत नको, पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. आपल्या पूर्व विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेलही त्यात आहे. म्हणजे हा विषय फक्त व्हीलचेअरचा नाही.

कलम ४४ म्हणतं, सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर इमारतीच्या नकाशाला मंजुरी नाही. कलम ४५ म्हणतं, जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करा. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२ लाच संपली. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, बस थांबा यांची नावं तर कायद्यातच लिहिली आहेत. आणि 'सार्वजनिक' म्हणजे फक्त सरकारी नाही. जिथे लोकांची ये-जा आहे, ती खाजगी इमारतही त्यात येते.

मग होत का नाही? एक कारण सुप्रीम कोर्टातच समोर आलं. राजीव रतुरी यांच्या केसमध्ये ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. कायदा म्हणत होता 'करावंच लागेल', पण त्याखालच्या नियम १५ मधली मार्गदर्शक तत्त्वं 'असं केलं तर बरं' अशा भाषेत होती. कोर्टानं तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा, असं केंद्राला सांगितलं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, एरर यायला हवा होता तिथे नुसती वॉर्निंग येत होती. वॉर्निंग कोण वाचतं?

आता माझी स्वतःची चूक. तुम्ही म्हणाल, हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाईलवरच देता येतो, बँकेत कशाला जायचं? बरोबर. पण मोबाईललाही पायऱ्या असतात. मी बनवलेल्या एका ॲपमध्ये बटणांना नावंच दिली नव्हती. अंध माणूस टॉकबॅक चालू करून फोन वापरतो, फोन त्याला बोलून सांगतो. माझ्या ॲपवर त्याला ऐकू यायचं, "बटण. बटण. बटण." कोणतं पैसे पाठवायचं, कोणतं रद्द करायचं? देवालाच माहीत. दुरुस्ती एका दुपारची होती. सुचलंच नव्हतं, एवढंच.

३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं यावरही निकाल दिला. केवायसी करताना ॲप सांगतं, 'डोळे मिचकावा'. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या, त्यांनी काय करायचं? प्रज्ञा प्रसून आणि इतरांनी हाच प्रश्न विचारला. कोर्टानं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा भाग मानला.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी.

एक, गावातली शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत इथला रॅम्प मोजा. फोटो काढून 'सुगम्य भारत' ॲपवर तक्रार टाका.

दोन, ग्रामसभेत विचारा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे विचारणं भांडण नाही, हक्क आहे.

तीन, तरीही काही हललं नाही तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज करा. अर्जात "रॅम्प खराब आहे" एवढंच लिहू नका. "उंची अठरा इंच, लांबी पाच फूट, हवी अठरा फूट" असं लिहा. आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

मीही त्या बँकेला असाच अर्ज दिलाय. मोठे बाबांनी तो तपासला, शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि मग सही केली. या वेळी घरात, टेबलावर.

तुमच्या गावातला रॅम्प किती अंशांचा निघाला, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!