चिमूटभर मीठ आणि डॉलरचा चेक

सुतारकामात जमून गेलेली एखादी क्लृप्ती मासिकाला लिहून पाठवायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, ही अमेरिकेतली जुनी पद्धत. पॉल आणि जॅन रोमन या दांपत्याने १९७५ मध्ये कनेटिकटमधल्या न्यूटाउनमधून ‘फाइन वुडवर्किंग’ सुरू केलं. त्यातलं ‘मेथड्स ऑफ वर्क’ हे वाचकांच्या युक्त्यांचं सदर जिम रिची यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. आलेल्या युक्त्यांची चित्रंही तेच काढत. ‘पॉप्युलर वुडवर्किंग’चं ‘ट्रिक्स ऑफ द ट्रेड’ याच जातकुळीतलं.

मानधन बेताचंच. ‘फाइन वुडवर्किंग’मध्ये एके काळी चित्रासह छापलेल्या युक्तीला १०० डॉलर मिळत, चित्राविना ५०. अंकातल्या सर्वोत्तम युक्तीला वेगळं बक्षीस. तेवढ्यावर घर चालत नाही, पण एखादी चांगली पटाशी नक्की येते!

युक्त्या कसल्या? दोन फळ्यांना पांढरा डिंक लावून क्लॅम्प आवळला की फळ्या हमखास सरकतात. मग डिंकावर मिठाचे चार दाणे भुरभुरायचे. दाणे लाकडात रुततात आणि फळ्या जागच्या हलत नाहीत. प्लायवूड कापताना कड उचकटते, तर रेघेवर मास्किंग टेप चिकटवून टेपवरूनच करवत चालवायची. खाच केसभर जास्त रुंद हवी असेल, तर करवतीला दिशा देणाऱ्या पट्टीमागे पत्त्याचं एक पान सरकवायचं.

संपादकांना सुंदर भाषा नको असते. अडचण काय, उपाय काय आणि माप किती, एवढं आलं की पुरे. कागदावरचं ओबडधोबड रेखाटनही चालतं; छपाईसाठी ते नव्याने काढून घेतात.