संगणकाला शिकवणे वेगळे, विचारणे वेगळे

समजा, हिंगणघाटला आपले गादी-रजईचे दुकान आहे आणि उधारीचा हिशेब संगणकात आहे. कापूस विकून शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला, आता वसुलीला निघायचे. समुद्रपूरच्या कोणत्या गिऱ्हाईकांकडे ५,००० रुपयांवर बाकी आहे, एवढेच हवे. पण प्रोग्रॅममध्ये ती यादी नाही. प्रोग्रॅम करणारा म्हणतो, "नवीन काम आहे, वेगळे पैसे पडतील." पैसे देण्यापूर्वी संगणकाच्या भाषांतील एक फरक समजून घ्यावा.

सी, जावा, पायथन या सर्व प्रकारच्या कामांच्या भाषा. त्यांत काम कसे करायचे ते पायरी-पायरीने सांगावे लागते. नवख्या मुनिमाला आपण असेच सांगतो: पहिले पान उघड, गाव पाहा, समुद्रपूर असेल तर बाकी पाहा, पाच हजारांवर असेल तर नाव उतरव, पान उलट, शेवटपर्यंत हेच कर.

एसक्यूएल ही विचारणा करण्याची भाषा आहे. तीत काय हवे तेवढेच सांगायचे: सिलेक्ट नाव, बाकी फ्रॉम खाते व्हेअर गाव = 'समुद्रपूर' अँड बाकी > ५०००. जुना मुनीम अनुक्रमणिका पाहून नेमके पान काढतो, तसा यादी शोधण्याचा मार्ग डेटाबेस स्वतः ठरवतो.

१९७० साली आयबीएम कंपनीतील ई. एफ. कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचवली. त्या पायावर तेथील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ही भाषा मांडली. १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाण रूप ठरले. त्यामुळे डेटाबेस बदलला तरी तिचे मूळ शब्द फारसे बदलत नाहीत.

मात्र बिल छापणे, काट्यावरचे वजन घेणे, पडद्यावर बटणे मांडणे ही कामे एकट्या एसक्यूएलने होत नाहीत. म्हणून दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये बहुधा दोन्ही भाषा असतात. शिवाय सावध राहावे: खोडण्याच्या हुकमात व्हेअरची अट राहून गेली, तर सारी खाती पुसली जातात. आधी नक्कल काढून ठेवावी.

प्रोग्रॅम विकत घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: माहिती कोणत्या डेटाबेसमध्ये राहील? तिच्यावर थेट विचारणा करता येईल काय? नक्कल आपल्या हाती मिळेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर वरची यादी एका ओळीचे काम आहे. वही आपली आहे; तिला प्रश्न विचारण्याची सोयही आपल्याच हाती असावी.